गुजरातमध्ये सत्ता एकाच पक्षाची असताना विधानसभेला मत देऊन काय फरक पडतो?

तुम्ही लिहिलंय की घर मूळचं धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेड्याचं, आता राहता सुरतच्या लिंबायतला, 2027 ला विधानसभेचं पहिलं मत द्याल. पण निकाल ठरलेलाच असेल तर रांगेत कशाला उभं राहायचं? मी नंदुरबारचा. आमच्याकडे घरटी कोणी ना कोणी सुरतेत कामाला आहे, त्यामुळे 'काय फरक पडस?' हे दर निवडणुकीत कानावर येतं. फरक पडतो, फक्त तो सरकार पडण्यातच शोधू नका.

2017 घ्या. 182 जागांत भाजपला 99, काँग्रेसला 77. बहुमताला 92 लागतात. सत्ता राहिली, पण थोडक्यात. सप्टेंबर 2021 मध्ये मुख्यमंत्री रूपाणी यांच्यासोबत अख्खं मंत्रिमंडळ घरी गेलं, एकही जुना मंत्री ठेवला नाही. पुढच्या वर्षी कित्येक आमदारांची तिकिटं कापली. माझ्या मते 2017 ची धडकी बसली नसती तर पक्षानं एवढी उलथापालथ केली नसती. जिथे एक पक्ष भक्कम असतो तिथे खरी चुरस तिकिटासाठी असते, आणि तिकीट देताना गेल्या वेळचं मताधिक्य बघितलं जातं.

मग 2022 आलं. भाजप 156, काँग्रेस 17, आप 5. (तेव्हाचे भाजपचे प्रदेशाध्यक्ष सी. आर. पाटील जळगाव जिल्ह्यात जन्मलेले, हे तुम्हाला घरी ऐकायला मिळालं असेलच.) आकडा डोळे दिपवतो, पण मतं होती साडेबावन्न टक्के. म्हणजे शंभरातल्या सत्तेचाळीस जणांनी दुसरीकडे बटण दाबलं. काँग्रेसला 27 टक्के, आपला 13. मतं फुटली आणि जागा गेल्या. काँग्रेसचे आमदार एकूण जागांच्या एक दशांशाहून कमी भरले, त्यामुळे विरोधी पक्षनेतेपदही मिळालं नाही. मला सर्वात जास्त हेच खुपतं. सरकार कोणाचंही असो, त्याला सभागृहात उभं राहून जाब विचारणारा माणूस हवा, आणि तो तिथे बसवायचा की नाही हे तुमच्या-माझ्यासारख्यांच्या मतांवर ठरतं.

कायमचं काहीच नसतं, हेही गुजरातनंच दाखवलंय. 1985 ला काँग्रेसच्या 149 जागा आल्या होत्या. 1990 ला उरल्या 33.

मत नसणं म्हणजे काय, हे तर तुमच्या शहरानं 2024 ला पाहिलं. सुरत लोकसभेला काँग्रेसच्या उमेदवाराचा अर्ज बाद झाला, बाकीच्यांनी माघार घेतली, आणि भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध निवडून आले. वराछा, कतारगामच्या लोकांना 'नोटा' (यांपैकी कोणीही नको) दाबायचीसुद्धा संधी मिळाली नाही. लिंबायत नवसारी मतदारसंघात मोडतं, म्हणून तिथे मतदान झालं.

तेव्हा आधी यादीत नाव आहे का ते बघा. आपल्याकडच्या पुष्कळ पोरांचं नाव गावच्या यादीत असतं आणि मुक्काम सुरतेत. नाव कुठेच नसेल तर फॉर्म 6 भरा, गावच्या यादीत असेल तर पत्ता बदलायला फॉर्म 8. दोन्हीकडे नाव ठेवू नका, तो गुन्हा आहे. आणि मत कोणाला द्यायचं ते मी सांगणार नाही. पण तुमच्या प्रभागातलं पाणी, गटार आणि महापालिकेची शाळा यांबद्दल उमेदवारानं पाच वर्षांत काय केलं, ते रांगेत उभं राहण्याआधी शेजाऱ्यापाजाऱ्यांना जरूर विचारा.