शकुंतला रेल्वे अजूनही ब्रिटिशांच्या मालकीची आहे का? आणि मग 'तेजस'ला खासगी गाडी का म्हणतात?

ब्रिटिशांची नाही. खासगी मात्र होती, तीही स्वातंत्र्यानंतर कित्येक दशकं.

मुर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारे ते अरुंद रूळ सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचे. वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदराकडे न्यायला टाकलेले. कंपनीचा कारभार पाहणारी किलिक निक्सन ही पेढी मुंबईची, आणि स्वातंत्र्यानंतर तीही भारतीय मालकांकडे गेली. त्यामुळे 'आजही लंडनला रॉयल्टी जाते' हा दर पंधरा ऑगस्टला फिरणारा मेसेज मी तरी पुढे पाठवत नाही. गाडी चालवायची आधी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे), नंतर मध्य रेल्वे. कंपनीला मिळायचा तो उत्पन्नातला वाटा.

आपल्याकडे रूळ कोणाचे, गाडी चालवतं कोण आणि पाटीवर नाव कोणाचं, या तिन्ही गोष्टी एकाच्याच हातात क्वचितच राहिल्या. जीआयपीच बघा. १८५३ साली बोरीबंदर-ठाणे गाडी सोडणारी ही लंडनची कंपनी. भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी सरकारची, म्हणजे तोटा आला तर भरायचा इथल्या रयतेनं. १९०० मध्ये सरकारनं ती विकत घेतली, तरी कारभार १९२५ पर्यंत कंपनीकडेच होता. तो सरकारकडे आल्यावरही नाव जीआयपीच! ते गेलं ५ नोव्हेंबर १९५१ ला, जेव्हा जीआयपी, निजामाची रेल्वे, शिंद्यांची ग्वाल्हेरची रेल्वे आणि धोलपूरची रेल्वे एकत्र करून मध्य रेल्वे झाली. त्याच दिवशी बीबीसीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे) वगैरे मिळून पश्चिम रेल्वे. व्हीटीच्या दगडात कोरलेलं जीआयपीचं चिन्ह तेवढं राहिलं.

मी बार्शीकडचा, म्हणून आमच्या 'बार्शी लाईट' रेल्वेबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनं १८९७ मध्ये अडीच फुटी रुळांवर ती सुरू केली आणि हलक्या रुळांवरही भरपूर ओझं नेता येतं हे दाखवून दिलं. पुढे ती पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली. वारीच्या दिवसांत तर तिच्यावर वारकऱ्यांची झुंबड. ही मात्र खरीखुरी खासगी होती: रूळ, इंजिन, नाव, सगळं कंपनीचं. आणि १९५१ उलटल्यावरही ती तशीच चालू होती. सरकारनं घेतली १९५४ मध्ये.

राष्ट्रीयीकरणानंतर डब्यांना रंग आला तो विटकरी, पुढे नव्वदच्या दशकात निळा. हातात हिरवा कंदील घेतलेला भोलू हत्ती, म्हणजे रेल्वेचं बोधचिन्ह, २००२ चा, रेल्वेच्या दीडशेव्या वर्षानिमित्त आलेला. गाड्यांना वेगळं रूप देण्याचा खरा सपाटा त्यानंतरचा: दुरांतो, तेजस, वंदे भारत.

आता तेजस. मुंबई-करमळी तेजस (२०१७) रेल्वेचीच. लोक खासगी म्हणतात ती लखनौ-दिल्ली (२०१९) आणि अहमदाबाद-मुंबई (२०२०). त्या आयआरसीटीसीच्या, म्हणजे रेल्वेची तिकिटं-खानपान बघणाऱ्या कंपनीच्या, भाडं तीच ठरवते, पण तिचे निम्म्याहून जास्त शेअर सरकारकडे, आणि लोको पायलट, रूळ, सिग्नल सगळं रेल्वेचं. याला खासगी म्हणणं मला तरी जड जातं. त्यापेक्षा २०२२ ची कोइम्बतूर-शिर्डी 'भारत गौरव' गाडी या शब्दाच्या जवळची, कारण ती बाहेरच्या कंपनीनं रेल्वेकडून डबे भाड्यानं घेऊन सोडली होती. १०९ मार्गांवर खासगी गाड्या आणायची २०२० ची मोठी योजना मात्र निविदांपलीकडे गेलीच नाही.