७×५७ मॉझर : धक्का कमी, अफवा फार

हरणांचा हंगाम जवळ आला की ७×५७ मॉझरबद्दलची पत्रं सुरू होतात. बरीचशी अमेरिकेतल्या मराठी वाचकांची, काही महाराष्ट्रातून, आजोबांच्या कपाटात सापडलेल्या रायफलीबद्दल. १८९२ च्या सुमारास जर्मनीत तयार झालेलं हे काडतूस खांद्याला सोसवतं आणि हरणाला पुरतं, म्हणून नवशिक्यांना मीही तेच सुचवतो. पण काडतूस जुनं म्हटल्यावर त्याच्याभोवतीच्या ऐकीव गोष्टीही जुन्या, आणि त्या मरत नाहीत. काही वाचक रिकाम्या पुंगळीत (पितळी खोळीत) नवा प्रायमर (तळातली पेटवणारी टोपी), पावडर आणि गोळी बसवून काडतुसं घरीच भरतात, कंपन्यांच्या मापांच्या पुस्तकावरून. त्यांना या वेळच्या उत्तरांत पावडरच्या मापाचा एकही आकडा मिळणार नाही. का, ते पुढे येईलच.

प्रश्न : .२७५ रिग्बी आणि ७×५७ एकच का? (नाशिक)

एकच. लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीने १९०७ मध्ये जर्मन काडतुसाला इंचांतलं नाव दिलं, इतकंच. मात्र .२७५ या आकड्यावर जाऊन गोळ्या मागवू नका. गोळीचा व्यास .२८४ इंच असतो. .२७७ ची गोळी .२७० विंचेस्टर या वेगळ्या काडतुसाची, तिचा इथे संबंध नाही.

प्रश्न : एडिसनला राहतो. या रायफलीने इथे हरणाची शिकार करता येईल का? (न्यू जर्सी)

नाही. न्यू जर्सीत हरणासाठी अशी रायफल चालत नाही. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात चालते. त्या राज्याची चालू वर्षाची नियमपुस्तिका वाचा, मागच्या वर्षीची नको.

प्रश्न : मी एच-१बी वर आहे. टेक्सासमध्ये खाजगी जमिनीवर रानडुकरांसाठी शिकारीचं लायसन्स लागत नाही, असं शेजारी सांगतो. मग त्याची रायफल घेऊन जायला काय हरकत? (डॅलस)

शेजारी अर्धं बरोबर सांगतो, आणि अडकवतं ते उरलेलं अर्धं. जमीनमालकाची परवानगी असेल तर डुकरांसाठी लायसन्स नको, ही टेक्सासची २०१९ पासूनची सवलत आहे. ती राज्याची. केंद्राचा कायदा वेगळा आहे. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायलाच मनाई आहे. त्या मनाईला जे थोडे अपवाद आहेत त्यांतला एक म्हणजे चालू मुदतीचं शिकारीचं लायसन्स. म्हणजे डुकरांसाठी नको असलेला कागद तुम्हाला स्वतःसाठी हवा. तोही मिळाल्यावर रायफलीला हात लावण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. दुकानदाराला नको, शेजाऱ्याला तर नकोच. ग्रीन कार्डची फाइल वर्षानुवर्षं रांगेत असताना डुकरापायी ती अडवून घेऊ नका.

प्रश्न : बायकोला माझ्या .३०-०६ चा (जास्त जोराच्या काडतुसाच्या रायफलीचा) धक्का सोसत नाही. दुकानदार म्हणतो, जाड रबरी पॅड आणि वजनदार रेस्ट (रायफल टेकवायचा आधार) घ्या. (सिनसिनाटी)

दुकानदार पॅड विकतो, म्हणून पॅड सांगतो. आठ पौंडांच्या रायफलीत १४० ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळीसह ७×५७ चा धक्का .३०-०६ च्या धक्क्याच्या साधारण दोन तृतीयांश भरतो. पण काडतूस बदलण्याआधी दस्ता मोजा. तुमच्या मापाचा दस्ता त्यांना लांब पडत असणार. मग मान पुढे ताणली जाते आणि रायफल खांद्याऐवजी दंडावर बसते. दुसरी गोष्ट कानांची. दचकणं पुष्कळदा धक्क्यामुळे नसून आवाजामुळे असतं. बोळे आणि वरून मफ, दोन्ही लावायला सांगा. रायफलीला वजनाने जखडणाऱ्या रेस्टमध्ये खांदा वाचतो, पण तो सगळा मार दस्त्याला बसतो आणि लाकूड तडकतं. नवी रायफल घेण्याआधी त्यांना रेंजवर कुणाची तरी ७×५७ झाडून पाहू द्या, आणि दस्ता गनस्मिथकडून त्यांच्या मापाने करून घ्या.

प्रश्न : रेंजवरच्या एका अनुभवी गृहस्थांनी ४३५० पावडरचं त्यांचं माप दिलंय. पुस्तकातल्या कमाल मापापेक्षा ते जास्त आहे, पण "पुस्तकवाले वकिलांना घाबरून कमी लिहितात" असं ते म्हणतात. प्रायमर सपाट दिसेपर्यंत वाढवत जा, असाही सल्ला आहे. वाढवू का? (शार्लट)

वाढवू नका. तुम्ही पाठवलेला आकडा मी मुद्दाम छापलेला नाही. छापला तर पुढच्या हंगामात तो माझ्या नावाने फिरेल.

आधी सांगा, ४३५० कुठली? हॉजडनची एच ४३५०, आयएमआर ४३५० आणि ॲक्युरेट ४३५० या तीन वेगवेगळ्या पावडरी आहेत. आकडा एक, जळण्याचा वेग एक नाही. ४८३१ चीही तीच गत. डब्यावरचं पूर्ण नाव नसलेलं माप हे माप नव्हेच. त्या गृहस्थांनी गोळी कुणाची, पुंगळी कुणाची, प्रायमर कुठला, यातलं काही सांगितलेलं तुमच्या पत्रात दिसत नाही.

पुस्तक हात राखून लिहितं, हे खरं. त्यामागे वकील नाहीत, रायफली आहेत. स्पेनची १८९३ ची मॉझर, चिलीची १८९५ ची, रेमिंग्टनची त्याहून कमजोर रोलिंग ब्लॉक, या सगळ्या हेच काडतूस खातात आणि आजही विकल्या जातात. १८९३ च्या बोल्टला (मागून नळी बंद करणाऱ्या दांड्याला) पुढे दोन लग (अडकवणारे दात) आहेत. १८९८ च्या मॉझरला मागे तिसरा आला आणि प्रायमर फुटलाच तर गॅस नेमबाजाच्या डोळ्यांपासून दूर वळवायची सोयही सुधारली. त्या पाच वर्षांत झालेला फरक काडतुसाच्या तळावर कुठे लिहिलेला नसतो. म्हणून अमेरिकेतल्या सामी संस्थेने या काडतुसाच्या दाबाची मर्यादा ५१,००० पीएसआय (चौरस इंचावर पौंड) ठेवली. युरोपातल्या सीआयपीची मर्यादा ३,९०० बार, म्हणजे सुमारे ५६,५०० पीएसआय. (दोन आकडे दिसले की लोक मोठा धरतात, हा माझा जुना अनुभव.) काही पुस्तकं आधुनिक रायफलींसाठी वेगळा तक्ता देतात. तो वापरायला हरकत नाही, पण तुमची रायफल आधुनिक आहे हे गनस्मिथने तपासून सांगितल्यावर. तिचं साल आणि मॉडेल तुम्ही मलाही कळवलेलं नाही.

आता प्रायमर. तो दाबमापक नाही. एका कंपनीच्या प्रायमरची टोपी मऊ, दुसरीची कडक. हेडस्पेस (बोल्ट आणि बसलेलं काडतूस यांतली मोकळी जागा) जास्त असेल तर बेताच्या दाबावरही प्रायमर सपाट दिसतो, आणि कडक टोपी दाब खूप चढला तरी गोल राहते. बोल्ट उचलायला जड जाऊ लागला, पुंगळीच्या तळावर चमकता ठसा उमटला, की समजावं, या काडतुसाची मर्यादा केव्हाच मागे पडली आहे. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) घ्या. नळी पुस्तकातल्या इतकीच लांब असताना वेग पुस्तकापेक्षा वर गेला, तर दाबही वर गेला. वेग फुकट मिळत नाही.

आणि हे सगळं कशासाठी? कारखान्यातली १४० ग्रेनची गोळी सेकंदाला २,६६० फुटांच्या आसपास निघते. पेनसिल्व्हेनिया-कॅरोलायनाच्या जंगलात हरीण दिसतं त्या अंतराला तेवढा वेग पुरून उरतो. शंभर फूट जास्त मिळवले तरी हरणाला फरक कळणार नाही. हलकं काडतूस घ्यायचं आणि मग त्याला मॅग्नम (जास्त पावडरचं, जास्त जोराचं काडतूस) करायचं, याला मी हौस म्हणत नाही.

उलटा हव्यासही तितकाच वाईट. धक्का कमी करायचा म्हणून मंद जळणारी पावडर किमान मापाखाली भरू नका. त्यातूनही दाब अचानक चढून रायफली फुटलेल्या आहेत. हलकी काडतुसं हवीत तर हॉजडनने एच ४८९५ साठी स्वतः नियम दिला आहे : त्यांच्या तक्त्यातल्या कमाल मापाच्या ६० टक्क्यांपर्यंत उतरता येतं. तो नियम त्याच पावडरीसाठी आहे आणि तो त्यांच्याकडूनच वाचून घ्या. गोळी ज्या कंपनीची तिचं चालू आवृत्तीचं पुस्तक आणा, सुरुवातीच्या मापापासून सुरुवात करा, कमाल मापावर थांबा. पहिल्यांदाच भरत असाल तर जाणत्या माणसाला शेजारी बसवा. ते गृहस्थ सोडून.

प्रश्न : बेल या जुन्या हत्तीशिकाऱ्याने याच काडतुसाने शेकडो हत्ती मारले. मग मोठ्या एल्कला (अमेरिकेतल्या थोराड हरणाला) कुठलीही गोळी चालेल ना? (डेन्व्हर)

नाही. कारामोजो बेल १७३ ग्रेनची न फुलणारी गोळी वापरायचा, आणि हत्तीची कवटी आतून कशी असते हे त्याने कापून पाहिलेलं होतं. तुम्ही पाहिलेलं नाही. एल्कसाठी घट्ट बांधणीची १५० ते १७५ ग्रेनची गोळी, जवळचं अंतर आणि आडवा उभा असलेला प्राणी. बाकी तिथल्या गाइडला विचारा.

प्रश्न : दोन-तीनदा भरलेल्या पुंगळ्या तळाजवळ तुटतात. ब्रास (पुंगळीचं पितळ) खराब का? (ह्यूस्टन)

ब्रासवर खापर फोडू नका. या पुंगळीला चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसतं त्या भागात) अडवतो तो तिचा खांदा, म्हणजे मानेआधीचा उतार. तुम्ही डाय (पुंगळीला पुन्हा मापात आणणारा साचा) प्रेसमध्ये पार खालपर्यंत फिरवून खांदा दर वेळी जास्त मागे ढकलत असाल, तर प्रत्येक बाराला पुंगळी तळाजवळ ताणली जाते. टोक वाकवलेली बारीक तार आतून फिरवा. तळाच्या जरा वर चर लागला तर ती पुंगळी फेकायची. बाहेर चमकती कडी दिसली तरी फेकायचीच. डाय नीट लावूनही हेच होत असेल तर दोष चेंबरचा असू शकतो. गनस्मिथकडून हेडस्पेस मोजून घेईपर्यंत रायफल बंद.

प्रश्न : गन शोमध्ये झिप-पिशवीत घरी भरलेली काडतुसं निम्म्या दरात मिळाली. वापरू? (अटलांटा)

नको.

प्रश्न : कॅलिफोर्नियात शिशाची गोळी बंद. तांब्याच्या १४० ग्रेनला जुन्या १४० चंच माप चालेल? (सॅन होजे)

चालणार नाही. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, पुंगळीत खोल बसते आणि पावडरची जागा खाते. त्याच गोळीसाठी छापलेलं माप घ्या. शिकारीत शिशाची बंदी १ जुलै २०१९ पासून पूर्ण लागू आहे, तेव्हा "उरलेली संपवतो" ही सबबही नको.

प्रश्न : आजोबांची .२७५ रिग्बी घरी आहे. लायसन्स त्यांच्या नावावर, त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. सोबत साठच्या दशकातली काडतुसं आहेत. कॉर्बेटची रायफल हीच होती, तर किंमत लाखांत येईल का? (सातारा)

तीन वर्षं! किमतीचं नंतर. लायसन्सधारक गेला की शस्त्र घरात ठेवण्याचा अधिकार संपतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं. वारसाच्या नावावर करून घेण्याचा अर्ज त्यानंतर. रायफल पिशवीत घालून स्वतः ठाण्यात निघू नका. आजच वकील गाठा, लेखी कळवा, मग ते सांगतील तसं. काडतुसंही त्याच यादीत लिहा. एकही झाडून पाहू नका.

जिम कॉर्बेटला चंपावतच्या वाघिणीबद्दल १९०७ मध्ये मिळालेली रायफल .२७५ रिग्बी होती हे खरं, पण किंमत त्या एका रायफलीला आहे. "कॉर्बेटवाली" म्हणून दलाल जो भाव सांगतात तो तुमचा सौदा होईपर्यंतच टिकतो. शिकारीचं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर नावच नको.

प्रश्न : भारतात घरी काडतुसं भरता येतात का? (कोल्हापूर)

नाही. काडतूस बनवायला शस्त्र कायद्याखाली वेगळा परवाना लागतो. शस्त्र बाळगण्याचं लायसन्स त्याला पुरत नाही.

प्रश्न : रेंजवर नेतो तीच बॅग झटकून पुण्याला न्यायची आहे. चालेल? (शिकागो)

दुसरी बॅग घ्या. शिवणीत अडकलेलं एखादं काडतूस भारतातल्या विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसलं की शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो. नकळत राहिलं होतं, हे कोर्टात पटूही शकतं, पण तोवर विमान सुटलेलं असतं आणि पासपोर्ट अडकलेला असू शकतो. रिकामी पुंगळीही नको. असं काही आधीच घडलं असेल तर मला पत्र लिहीत बसू नका, तिथल्या वकिलाला फोन करा.