यू-इंट सापडत नाही? दोनशे एरर पाहून घाबरू नको
भाऊ, सी प्रोग्राम कंपाइल करताना एररची रांग लागली असंन तर आधी वर स्क्रोल कर अन् फक्त पहिला एरर वाच. बाकीची त्याचीच पिल्लं हायेत, कपाशीवर मावा पसरते तशी. तिथं ‘अननोन टाइप नेम’ अन् पुढं यू-इंट (मधात अंडरस्कोर; बिनचिन्ही पूर्णांकाचा टाइप) असंन तर कोड बिघडला नाही, तो टाइप बीएसडी या युनिक्सच्या जातीच्या सिस्टिमवाल्यांचा, सीच्या स्टँडर्डात नाहीच. लिनक्सवर तो सिस-टाइप्स हेडरात (टाइपची नावं देणाऱ्या फाइलीत) असते, पण मेकफाइलमंधी (कंपाइलच्या सूचनांच्या फाइलीत) कोणी एसटीडी म्हणून सी९९ टाकलं असंन तर जीलिबसी, म्हणजे लिनक्सची सी लायब्ररी, त्याले लपवून ठेवते, म्हणजे ग्रेप मारून फाइलींत शोधलं तर टाइप दिसते अन् कंपायलर म्हणते नाहीच! म्या यातच अख्खी रात्र घालवली, त्यात दोनदा लाइन गेली.

सी९९ च्या जागी जीएनयू९९ कर, नाहीतर डिफॉल्ट-सोर्सवाला मॅक्रो डिफाइन कर, पण पहिल्या इन्क्लूडच्या वर, खाली टाकून काई उपयोग नाही. फ्रीबीएसडीवर मात्र पोझिक्स-सी-सोर्स डिफाइन केलं की यू-इंट गायब, तिथं ते काढ.

अन् घाईत सोताचा टाइपडेफ (टाइपले सोताच दिलेलं नाव) ठोकू नको राजा, तुह्या मशीनवर चालंन, दुसरीकडं ‘कॉन्फ्लिक्टिंग टाइप्स’ येऊ शकते. कोड आपलाच असंन तर साधं अनसाइन्ड इंट लिही, ३२ बिटच पायजे असंन तर स्टडइंट हेडरातला यूइंट३२-टी घे, तो १९९९ च्या स्टँडर्डातला हाये. तरी अडलं तर जीसीसी कंपायलरले मोठ्या ई चा पर्याय देऊन चालव, हेडर उलगडून कोणता टाइप खरंच आत आला ते दिसते. ते आउटपुट मले पाठव, स्क्रीनचा फोटो नको.