कॅम्परव्हॅन चढावर उभी असताना गॅसवरचा फ्रीज तापू नये म्हणून मागे पंखा लावून थर्मोस्टॅट कमी ठेवला तर पुरेल का?

नाही पुरणार. पंखा मागची गरम हवा बाहेर ढकलतो, कंडेन्सरला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्यांना) बरं असतं. पण कललेला फ्रीज मरतो तो बॉयलरमध्ये (आचेवर आतला द्रव उकळतो त्या भागात), आणि तिथे पंख्याचं काही चालत नाही.

माझा असाच गेला. रात्री उशिरा, भर पावसात पोचलो, जागा उतरती. मी म्हटलं, चाकांखाली फळ्या सरकवू. दादा म्हणाला, "आपल्याला झोप लागेल ना? मग फ्रीजला काय धाड भरलीय?" मीही थकले होते, ऐकलं. सकाळी दूध नासलेलं आणि मागच्या जाळीजवळ हात धरवेना. सपाटीवर आल्यावर फ्रीज पुन्हा गार झाला, म्हणून वर दिवसभर बोलणी खाल्ली. पुढच्या दोन सहलींत गारवा कमी कमी होत गेला, तिसरीत बंदच. मेकॅनिकने ज्योत पाहिली, हीटर पाहिला, दोन्ही ठणठणीत. आतली नळी चोंदली होती. अख्खं कूलिंग युनिट बदलावं लागलं.

दादा आजही म्हणतो, "जुना होता, जाणारच होता." साफ चूक. या फ्रीजमध्ये अमोनिया मिसळलेलं पाणी बॉयलरमध्ये उकळतं, बुडबुड्यांबरोबर वर चढतं आणि परत येतं ते निव्वळ उतारावरून. गाडी कलली की ते वाटेतच साचतं, बॉयलर कोरडा पडतो, आच मात्र चालूच. नळ्या गंजू नयेत म्हणून त्यात सोडियम क्रोमेट असतं. अति उष्णतेने त्याचे कण होऊन अरुंद नळीत बसतात, ते पुन्हा विरघळत नाहीत. प्रत्येक कललेल्या रात्रीची त्यात भर पडते. आमचा ‘जुना’ झाला तो अशाच रात्रींनी.

थर्मोस्टॅट कमी ठेवूनही तेच. फ्रीज गारच होत नाही, मग थर्मोस्टॅट आच बंद करणार कधी?

पाणसळ फ्रीजरच्या तळावर ठेवा, गाडीच्या फरशीवर नको. बऱ्याच मॉडेलना डावी-उजवीकडे 3 अंश आणि पुढे-मागे 6 अंश चालतात. हे फ्रीजच्या दारासमोर उभं राहून मोजायचं. फ्रीज बाजूच्या भिंतीला असेल तर त्याचं डावं-उजवं म्हणजे गाडीचं पुढे-मागे, आणि आम्ही फसलो ते इथेच. 3 अंश म्हणजे मीटरमागे जेमतेम 5 सेंटिमीटर, अंथरुणात ते कळतही नाहीत. सपाट जागा नसेल तर फ्रीज सरळ बंद करा. दार उघडलं नाही तर काही तास गारवा टिकतो. बॉयलर तापला की आच तोडणारा सेन्सर मिळतो, तो मी आता बसवलाय.

धावत्या गाडीत एवढी भीती नसते, हिसक्यांनी द्रव हलत राहतो. घरातल्यासारखा कॉम्प्रेसरचा फ्रीज असेल तर यातलं काहीच लागू नाही. आणि अमोनियाचा वास आला किंवा मागे पिवळी भुकटी दिसली तर फ्रीज लगेच बंद करा आणि परत पेटवू नका. नळ्यांत हायड्रोजनही असतो.