गादी, कूर्चा आणि 'विलंबित' एमआरआय

नागपूरहून प्रश्न आलाय: गुडघ्याच्या 'डिलेड कॉन्ट्रास्ट' एमआरआयचं (इंजेक्शन देऊन काही वेळानं काढायच्या स्कॅनचं) माहितीपत्रक मराठीत करायचंय. कार्टिलेजला 'गादी' म्हणावं की 'उपास्थी'? आणि 'विलंबित रंगद्रव्य' चालेल का?

'गादी' नको. 'गादी घासली' हे ओपीडीत सर्रास ऐकू येतं, पण त्या एका गादीत तीन वस्तू कोंबलेल्या असतात: हाडाच्या टोकावरचा गुळगुळीत थर, गुडघ्यातली चंद्रकोरीसारखी चकती आणि मणक्यांमधली चकती. ही तपासणी फक्त पहिल्याची. 'उपास्थी' हिंदीत रूढ आहे. नागपुरात तो खटकत नाही, एवढंच. शालेय पुस्तकांत 'कास्थी' आहे, पण ऐकताना 'अस्थी' वाटतं, आणि अस्थी म्हटलं की इकडच्या माणसाला रामटेकचा अंबाळा तलाव, म्हणजे अस्थिविसर्जन, आठवतो. सुश्रुताचा 'तरुणास्थी' मुख्यतः नाक-कानाचा. सत्तरीच्या गुडघ्याला तो थट्टाच वाटेल. 'कूर्चा' घ्या. स्त्रीलिंगी: कूर्चा झिजली, कूर्चेत.

'रंगद्रव्य' चुकीचंच. गॅडोलिनियम या धातूचं औषध काही रंगवत नाही, जवळच्या पाण्याचा टी१ वेळ (चुंबकीय समतोलात परतायला लागणारा वेळ, एमआरआयवर मोजता येतो) घटवतं. सरळ 'कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन' लिहा.

'विलंबित' म्हटलं की स्टेशनवर रखडलेली गाडी. इथे थांबणं मुद्दाम आहे, तेव्हा विशेषण टाकून क्रियापदं वापरा: 'इंजेक्शननंतर १० मिनिटं चालायचं, मग थांबायचं, स्कॅन सुमारे दीड तासानं.' मात्रा नेहमीच्या दुप्पट, किलोमागे ०.२ मिलिमोल; ६० किलोला नेहमीच्या अर्धा मोलर (मिलीमागे ०.५ मिलिमोल) द्रावणाचे २४ मिली. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, औषध बाहेरून झिरपतं. रुग्ण बसूनच राहिला तर ते कमी पोचतं आणि टी१चा आकडा जास्त, म्हणजे खोटाच चांगला येतो.

सगळ्यात जपायचा शब्द 'शोषण'. 'कूर्चेनं औषध चांगलं शोषलं' हे वाचून रुग्ण खूश होईल, आणि अर्थ नेमका उलटा आहे. निरोगी कूर्चेतल्या ग्लायकोसामिनोग्लायकनच्या (शर्करा-रेणूंच्या) साखळ्या ऋणभारित, जीडी-डीटीपीए हे गॅडोलिनियमचं औषधही ऋणभारित. त्यामुळे ते दूर ढकललं जातं. साखळ्या कमी झाल्या की औषध जास्त घुसतं, टी१ घसरतो. म्हणून 'शिरकाव' म्हणा. नको तिथं घुसणं त्या शब्दातच आहे. मात्र आधी कुपी बघा: गॅडोटेरिडॉलसारखं विद्युतभार नसलेलं औषध असेल तर हे वाक्य लागू नाही. युरोपात २०१७ पासून जीडी-डीटीपीए शिरेतून देणं स्थगित आहे, तेव्हा जुन्या इंग्रजी पत्रकावरून नाव उतरवू नका.

औषध किडनीवाटे बाहेर पडतं, म्हणून किडनीच्या आजाराबद्दलचा प्रश्न पत्रकात सर्वांत वर हवा. तिथे 'मूत्रपिंड' नको, 'किडनी'च लिहा.