कार्बन क्रेडिटचे पैसे कुणाला मिळतात? जो पाचट जाळत होता त्याला!

प्रश्न असा होता: "आमची वाळवा तालुक्यात चार एकर ऊसशेती आहे. पाचट (तुटलेल्या उसाचा रानात उरलेला वाळला पाला) न जाळता मातीत कर्ब (कार्बन) वाढवला तर कार्बन क्रेडिटचे पैसे देतो म्हणून एक कंपनी गावात येतीय. खरंच मिळतात का, एकरी किती, आणि नाव नोंदवावं का?"

कार्बन क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड वाचवल्याची विकता येणारी पावती. तिचे पैसे मिळतात. थोडे मिळतात, उशिरा मिळतात, आणि ज्यानं आधीपासून माती सांभाळलीय त्याला एक रुपया मिळत नाही. घाईत असाल तर एवढ्यावर थांबलात तरी चालेल. पुढचं जरा घरगुती आहे.

मी पलूस तालुक्यातला. नदीपासून दीड किलोमीटरवर काळं रान. 2008 ला थोरल्या दादाची आणि माझी वाटणी झाली. मधी बांध, विहीर सामाईक, मोटार चार दिवस त्याची, चार दिवस माझी. वाटणीच्या दुसऱ्याच वर्षी मी पाचट जाळायचं बंद केलं. दादानं सगळ्या भावकीसमोर विचारलं, "तुज्या रानात ऊस हाय का उकिरडा?" तेव्हापासून आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नात, बारशात, पाटावर बसल्यावर हा विषय निघतो. उंदीर होतात, साप निघतात, सरीतनं पाणी पुढं सरकत नाही, खत टाकायला पाय ठेवता येत नाही, ही दादाची चार कारणं. मी ती झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन.

मार्च 2012. दादाचा फड तुटून गेला, टोळी दुसऱ्या गावाला सरकली. दादानं दुपारी दोन वाजता पाचट पेटवलं. दुपारी दोनला! पेटवायचंच तर माणूस पहाटे पेटवतो, वारं पडलेलं असतं. त्याचं रान माझ्या पश्चिमेला आणि उन्हाळ्यात दुपारचं वारं तिकडनंच. बांधावरचं वाळलेलं गवत धरून जाळ माझ्या खोडव्यात, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतनं परत फुटलेल्या पिकात, उतरला. खोडवा दोन महिन्यांचा, फुटवे गुडघ्याएवढे, सरीत पाचटाची गादी आणि गादीखाली नवीकोरी लॅटरल (ठिबकची नळी). मी तेव्हा सांगलीला बाजारात. आईनं गोणपाट भिजवून जाळ बडवला, शेजारची दोन पोरं धावली म्हणून अठरा गुंठ्यांवर थांबलं, नाहीतर सगळा एकर गेला असता. संध्याकाळी मी पोचलो तेव्हा लॅटरल सरीत वितळून मातीला चिकटली होती, उपटली की ढेकळासकट यायची. फुटव्यांचे शेंडे वाळल्या मिरचीसारखे. दादा बांधावर उभा. म्हणाला, "पाचट नसतं तर पेटलंच नसतं की."

हे वाक्य मी आजपर्यंत विसरलेलो नाही. लॅटरलचं बिल साडेअकरा हजार झालं. ते मी भरलं.

आता कंपनीचं. 2023 च्या दिवाळीनंतर आमच्या देवळात मीटिंग झाली. बी.एस्सी. ॲग्री झालेला पोरगा, बोलायला गोड, हातात टॅब. पाचट जाळू नका, मशागत कमी करा, शेणखत वाढवा, मातीत कर्ब साठेल, त्याचे क्रेडिट होतील, परदेशातल्या कंपन्या ते विकत घेतील आणि पैसे तुमच्या खात्यावर. मी पहिल्या रांगेत. चौदा वर्षं हेच करतोय, आज कुणीतरी नाव काढलं, असं वाटून छाती फुगली होती.

दुसऱ्या दिवशी पोरगा रानात आला. गिरमिट घालून एक फुटापर्यंतची माती काढली, मोबाईलवर ठिकाणासकट फोटो घेतला, पिशवीवर मार्करनं नंबर लिहिला. गिरमिटाबरोबर दोन गांडुळं वर आली, त्यांचाही फोटो. मग टॅबवरचा पहिला प्रश्न: "काका, मागच्या तीन वर्षांत पाचट कधी जाळलंय?"

मी ताठ मानेनं, "2009 पासनं एकदाबी न्हाई. उलट दुसऱ्यानं जाळलेलं माझ्या रानात आलं."

पोरानं टॅब खाली ठेवला. "मग तुमचं बसत नाही, काका."

त्याला ॲडिशनॅलिटी म्हणतात. म्हणजे कंपनी आल्यामुळं जो नवा बदल झाला, त्याचेच पैसे. तुम्ही आधीच करत होता, पैसे न घेताही पुढं करणारच होता, तर जगात नवीन कार्बन कुठं वाचला? मी विचारलं, मग कुणाचं बसतं? त्यानं बांधापलीकडं बोट केलं. "त्या रानात मागच्या तीन वर्षांची आग उपग्रहाच्या फोटोत दिसते." मी म्हटलं, बाबा, त्या उपग्रहाला 2012 ची दिसते का बघ जरा. तो म्हणाला, तेवढं मागचं आम्ही बघत नाही.

दादाची तीन एकर बसली. माझा कर्ब 0.92 टक्के निघाला, दादाचा 0.47. दादाच्या जमिनीला वाढायला वाव आहे म्हणे.

कहर पुढं आहे. गावाच्या चौकात फ्लेक्स लावायचा म्हणून त्यांना दादाचा फोटो हवा होता, हातात भुसभुशीत माती, मातीत गांडुळं. दादाच्या रानात ढेकळं. मग फोटो काढला माझ्या खोडव्यात, मला न विचारता. मी दूध घालायला डेअरीत गेलेलो. आठवडाभर चौकातनं जाताना बघत होतो, हात दादाचे, माती माझी, आणि वर लिहिलेलं "मातीचा खरा मित्र".

एकरी किती, हा तुमचा प्रश्न राहिलाच. हिशेब अवघड नाही. एक एकरातली वरची एक फूट माती साधारण 1,500 ते 1,600 टन भरते. कर्ब 0.5 वरनं 0.6 टक्क्यांवर गेला म्हणजे एकरात दीड टन कर्ब वाढला. त्याचा कार्बन डायऑक्साइड काढायला 3.67 नं गुणायचं, साडेपाच-पावणेसहा टन होतो. एक टन म्हणजे एक क्रेडिट. ऐकायला बरं वाटतं, पण पाचटातला बहुतेक कर्ब जिवाणू खाऊन परत हवेत सोडतात, मातीत टिकतो तो थोडाच. दशांश एक टक्का वाढायला चार-पाच वर्षं सहज जातात, तेही मन लावून केलं तर. म्हणजे वर्षाला एकरी एखादं क्रेडिट. ते दहा डॉलरला विकलं असं धरा. त्यातनं तपासणीचा खर्च, कंपनीचा वाटा, शिवाय उद्या कुणी रान नांगरून कर्ब उडवला तर भरपाई म्हणून काही क्रेडिट राखीव ठेवतात, ते सगळं वजा. हातात पाचशे-सातशे रुपये आले तरी खूप. दादाला 2025 मध्ये पहिला हप्ता आला, तीन एकरांचे मिळून अठराशे रुपये. कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आला, माझ्या हातावर पेढा ठेवला आणि पाचटाचा प सुद्धा काढला नाही.

याच्याशेजारी हे ठेवा: 2025-26 च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर, 10.25 टक्के साखर उताऱ्याला टनाला 3,550 रुपये ठरली. तोडणी-वाहतूक वजा करा. तरी एकरी एक टन ऊस जादा निघाला तर दादाच्या तिन्ही एकरांच्या हप्त्यापेक्षा जास्त होतो. माझा खोडवा आधी 40-42 टनांवर अडकायचा, आता 52 च्या खाली येत नाही, युरियाची दोन पोती कमी लागतात, आणि एप्रिलात मोटार आठवडा बंद पडली तरी ऊस मान टाकत नाही. हे पैसे कुणी टॅबवर मोजत नाही. दादाला मी हे सतरा वर्षं सांगतोय. त्यानं ऐकलं कुणाचं, तर काल आलेल्या पोराचं, अठराशे रुपयांसाठी.

आपल्याकडं हे काही नवीन नाही म्हणा. कर्जमाफीचंही असंच. पोटाला चिमटा काढून सोसायटीचं कर्ज वेळेत फेडणारा बाजूला, थकवणाऱ्याचं माफ. पण तिथं निदान आरडाओरड झाल्यावर सरकारला लाज वाटली. 2017 ला नियमित फेडणाऱ्याला 25 हजारांपर्यंत, पुढच्या योजनेत 50 हजारांपर्यंत प्रोत्साहन जाहीर झालं. कार्बनवाल्यांनी तेवढं तरी करावं. नव्याला क्रेडिट द्या, आणि ज्याच्या मातीत आधीच कर्ब आहे त्याला तो टिकवल्याबद्दल वर्षाला काहीतरी. नाहीतर अर्थ असा होतो की मी एक-दोन वर्षं मुद्दाम पाचट पेटवावं आणि मग पश्चात्तापाचे पैसे घ्यावेत. आमच्याकडं एकानं हे बोलूनही दाखवलं. कोण ते सांगत नाही, पण मिटिंगला माझ्याच शेजारी बसला होता.

सरकारचं म्हणाल तर कार्बन बाजाराची केंद्राची योजना 2023 ला आली, शेतीसाठी ऐच्छिक कार्बन बाजाराचा आराखडा कृषी मंत्रालयानं जानेवारी 2024 मध्ये काढला. कागद चांगला आहे. शेतकऱ्याच्या खात्याचं काम अजून खासगी कंपन्यांच्याच हातात.

तर नाव नोंदवावं का? तुम्ही आजपर्यंत जाळत असाल तर नोंदवा, फुकटचे अठराशे कुणाला नको आहेत. पण करार मराठीत मागा आणि घरी आणून वाचा. किती वर्षांचा आहे ते बघा, दहा-वीस वर्षांचे असतात. मधीच हळद किंवा भाजीपाला घ्यायचा म्हणून खोल नांगरट केली तर काय? सातबाऱ्यावर बहिणींची नावं असतील तर सही कुणाची? रान वाट्यानं दिलं आणि वाटेकऱ्यानं काडी लावली तर कुणी भरायचं? आणि पैसे एकरी ठरलेत का निघालेल्या क्रेडिटवर, हे आधी विचारा. क्रेडिटवर असतील तर माती दर काही वर्षांनी परत मोजतात, तोवर हातात काही नाही.

नदीकाठचे असाल तर महापुराचंही विचारा. 2019 च्या ऑगस्टात सांगलीला आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं होतं, तेव्हा माझ्या रानात नऊ दिवस पाणी होतं. वर्षाचं पाचट तरंगत खालच्या गावात कुणाच्यातरी रानात जाऊन बसलं. तो कर्ब माझा का त्याचा? मी पोराला विचारलं, त्यानं लिहून घेतलं, उत्तर अजून यायचंय.

सोसायटीतनं किंवा कृषी विभागातनं माती तपासून घ्या, पण त्या कागदावर कर्बाचा नुसता टक्का येतो. क्रेडिटला मातीची घनता पण मोजावी लागते, त्यामुळं तो कागद कंपनीपुढं चालत नाही. स्वतःला कळायला पुरतो. चोपण (खारवट, पाणी न मुरणारं) झालेलं रान असेल तर आधी निचऱ्याचं बघा, तिथं पाचट एकटं काही करत नाही.

आणि खरं बोलायचं तर त्या पोराचं म्हणणं चुकीचं नाही. पैसे देणारा तिकडं धूर सोडतो आणि त्याच्या बदल्यात इकडं तेवढा धूर कमी व्हायला हवा असतो. माझ्या रानात धूर नव्हताच, मग कमी काय होणार? हे मला डोक्यात कळतं, चौकातनं जाताना कळत नाही.

दादाच्या चार कारणांतलंही एक खरं आहे, हे त्याला सांगू नका. पाटपाणी असेल तर पाचटाच्या सरीत पाणी रेंगाळतं. ठिबक नसेल तर एक आड एक सरीत पाचट ओढा आणि मोकळ्या सरीतनं पाणी द्या. उंदरांचं म्हणाल तर ते जाळलेल्या रानातही असतात. बुडखे मात्र जमिनीलगत छाटा. दादानं पहिल्या वर्षी वीतभर ठेवले, वरच्या डोळ्यांतनं फुटवे आले, मुळ्या धरल्या नाहीत, आणि दोष पाचटाला.

परवा दादाचा थोरला पोरगा आला होता. "काका, पाचट कुजवायला किती टाकायचं?" म्हटलं, टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट, एक किलो जिवाणू, आणि जिवाणू शेणाच्या काल्यातनं टाक, नुसता भुरभुरू नको. दादा बांधावर पाठमोरा उभा होता, पाटाचं पाणी बघतोय असं दाखवत. मोटार त्या दिवशी बंद होती.

लॅटरलचे साडेअकरा हजार अजून यायचेत.