डाउनलोड केलेल्या फाइल्स वेब ॲपच्या आत सबफोल्डरमध्ये कशा ठेवायच्या?

तुमची अडचण अशी दिसते: गाण्याच्या क्लाससाठी वेब ॲप करताय, बंदिशींची रेकॉर्डिंग्ज ब्राउझरच्या आतल्या स्टोरेजमध्ये उतरवायची आहेत, पण ‘गेटफाइलहँडल’ला ‘राग/यमन/विलंबित.एमपी३’ असं नाव दिलं की टाइपएरर येतो. मग सगळं एकाच फोल्डरमध्ये टाकू का, असं विचारताय. नका टाकू. मी इथे ग्वाल्हेरला, लष्कर भागातल्या एका क्लासचं असंच ॲप सांभाळतो. राग वाढत गेले की एकाच फोल्डरमध्ये काही सापडत नाही.

त्या स्टोरेजला पाथ कळतच नाही. नावात स्लॅश आला की ते नाव बाद. एकेक पायरी उतरायची. ‘नॅव्हिगेटर.स्टोरेज.गेटडिरेक्टरी’ने रूट घ्या, त्यावर ‘गेटडिरेक्टरीहँडल’ चालवून ‘राग’ घ्या, मग त्याच्यावर ‘यमन’, आणि शेवटी ‘गेटफाइलहँडल’. प्रत्येक ठिकाणी ‘क्रिएट: ट्रू’ आणि आधी ‘अवेट’. फोल्डर आधीपासून असेल तर तोच परत मिळतो, आतलं काही पुसलं जात नाही. त्यामुळे ‘आहे का’ हे वेगळं तपासू नका. पाथ स्लॅशवर स्प्लिट करा, शेवटचा तुकडा फाइलचा, बाकीच्यांवर लूप. झालं.

लिहिताना आधी ‘फेच’ने आलेल्या उत्तराचं ‘रिस्पॉन्स.ओके’ बघा, नाहीतर सर्व्हरचं ४०४चं पान एमपी३ म्हणून सेव्ह होतं आणि गुरुजी विचारतात, वाजत का नाही? मग ‘क्रिएटरायटेबल’ करून ‘रिस्पॉन्स.बॉडी’ त्यात ‘पाइपटू’ करा. त्याऐवजी आधी ब्लॉब (सगळ्या डेटाचा एकच गठ्ठा) केलात तर अख्खी फाइल मेमरीत येते, पाऊण तासाच्या रेकॉर्डिंगला ते परवडत नाही. नेट मध्येच गेलं तर अर्धवट मजकूर फाइलमध्ये उतरत नाही, पण शून्य बाइटची रिकामी फाइल मागे राहते. एरर पकडणाऱ्या ‘कॅच’ भागात फाइलची साइज शून्य दिसली तर ‘रिमूव्हएंट्री’ करा. जुन्या सफारीत ‘क्रिएटरायटेबल’ नाही. तिथे वर्करमध्ये (पानामागे वेगळी चालणारी स्क्रिप्ट) ‘क्रिएटसिंकॲक्सेसहँडल’ वापरावं लागतं.

आमच्याकडची खास भानगड म्हणजे फोल्डरची नावं. निम्मी मुलं हिंदी कीबोर्डवर ‘पहाड़ी’ टाइप करतात, घरची मराठी मुलं ‘पहाडी’. त्यात नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ‘ड़’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, एक कोड किंवा ‘ड’ अधिक नुक्ता. दिसायला सारखेच, जावास्क्रिप्टला वेगळे. ‘नॉर्मलाइझ’ केल्यावर नुक्त्याचे दोन्ही प्रकार एक होतात, मराठी ‘पहाडी’ मात्र वेगळीच राहते. म्हणून फोल्डरला रागाचा आयडी द्या आणि दाखवायचं नाव इंडेक्सडडीबीत, म्हणजे ब्राउझरमधल्याच डेटाबेसमध्ये, ठेवा.

‘स्टोरेज.पर्सिस्ट’ही मागून ठेवा, नाहीतर जागा कमी पडली की ब्राउझर सगळं साफ करू शकतो. या फाइल्स फोनच्या फाइल मॅनेजरमध्ये दिसत नाहीत. पालक व्हॉट्सॲपवर पाठवायला मागणारच, तेव्हा शेअरचं बटण आत्ताच ठेवा.